ताईची शरयू

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

आज दुपारच्या बसने सिल्लोडहून परत आले. अनसूया सोमवारी पहाटे गेली. माझ्याहून सहा वर्षांनी लहान.

भटजींनी विचारलं, तुम्ही कोण. थोरली सख्खी बहीण, म्हटलं. मग तुम्हाला तीन दिवसांचं सुतक, ते म्हणाले, लग्न होऊन तिचं गोत्र बदललं ना. घरच्यांना दहा दिवस, मला तीन. गॅस सिलिंडरच्या नंबरासारखं सांगितलं. मी त्यांना काहीतरी सुनावणार होते, पण तेवढ्यात कुणीतरी चहा हातात दिला आणि राहून गेलं.

तर तीन दिवस झाले. टीव्ही लावायला हरकत नाही. आठ वाजता ‘सात घरांचं अंगण’ लावलं. ओजस्वी अजून जिन्यातच आहे. शनिवारी पहिल्या पायरीवर होती, आज तिसऱ्या. पाठीमागे ढोल वाजताहेत. झोपेतून उठून आली आहे आणि गळ्यात तीन हार.

साडेआठला टीव्ही बंद केला आणि फोनजवळ जाऊन बसले. सव्वानऊला उठले. ओट्यापाशी उभ्यानेच दहीभात खाल्ला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पाण्याचा दिवस. सात दिवसांनी आलं, तेही पाऊण तास. पिंप भरलं, बादल्या भरल्या. खालच्या मजल्यावरच्या दीपमालाबाई भेटायला आल्या. म्हणाल्या, रडून घ्या हो मुक्ताताई, मोकळं वाटतं. म्हटलं, नळ चालू आहे, बोलू नंतर.

रडू येत नाही. बरंही वाटत नाही, वाईटही नाही. दाढ काढल्यावर गाल असतो ना, तसं.

१० नोव्हेंबर, सोमवार

बारा वर्षांची असल्यापासून मी प्रत्येक माणसाला निकालपत्रक देते. सवय कॉन्व्हेंटची. सिस्टर बेनेडिक्टा दर तिमाहीला आमच्या वर्तणुकीला, टापटिपीला आणि शिवणकामाला गुण द्यायच्या. माझ्या पत्रकावर कायम एकच शेरा: जिभेला लगाम हवा.

टीव्हीवरच्या माणसांनाही मी आणि अनसूया गुण द्यायचो. दूरदर्शनच्या काळातला ‘टपाल’मधला पोस्टमन: वर्तणूक दहा, टापटीप चार, त्याची पिशवी सदा उघडी. ‘साक्षीदार’मधले वकील काका: वर्तणूक नऊ, पण अशील बाई असली की चष्मा पुसायचे, म्हणून सात. आताची ओजस्वी: शिवणकाम शून्य, कारण तीनशे भागांत हाताने एक बटण लावलेलं नाही. अनसूया मात्र कुणालाच नापास करायची नाही. “असू दे ताई, पाच देऊन सोड. तिला तरी कुठं ठाऊक असतं उद्या काय लिहून आणतील.”

फक्त एकीला तिने दहापैकी दहा दिले होते. तिच्याबद्दल आज लिहीत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

काल तेराव्याला सिल्लोडला जाऊन आले. फुलंब्रीपर्यंत रस्त्याच्या कडेला मका वाळत घातलेला. ड्रायव्हर त्याला जपून गाडी काढत होता. माणसांना तेवढा जपत नव्हता.

जे घडलं ते क्रमाने लिहिते, नाहीतर मी त्यात माझं घालेन.

पानं वाढली. गेलेल्या माणसाचं पान वेगळं वाढतात, ते कोपऱ्यात मांडलं होतं. वैजनाथराव, अनसूयेचे यजमान, तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, इतका वेळ खुर्चीत बसून होते. एकदम म्हणाले, “तिचं पान माझ्या शेजारी मांडा.” भटजी म्हणाले, तसं नसतं. वैजनाथराव म्हणाले, “असू द्या नसतं. मांडा.” मांडलं. त्यांनी त्या पानाकडे बघतबघत वरणभात संपवला.

मला संताप आला. हा माणूस गेली कित्येक वर्षं बाहेरच्या ओसरीवर एकटा जेवतो. अनसूया म्हणायची, “त्यांना बातम्या बघत जेवायला आवडतं गं.” आणि आता शेजारी पान. आता सुचलं.

जेवणं झाल्यावर भांडी लावताना मी हे तिच्या सुनेला, योगिनीला, बोलून दाखवलं. योगिनी तिथल्याच शाळेत शिकवते, शहाणी मुलगी आहे. ती म्हणाली, “बातम्यांचं काही नाही हो मावशी. ते शरयूमुळं.”

“कोण शरयू?”

“असं काय करता? ‘काचेची वेल’मधली. मी लग्न होऊन आले, त्या पहिल्याच दिवशी आईंनी सांगितलं, आपल्यात बायका मागून जेवत नाहीत, सगळे एकदम बसतात, हा नियम शरयूनं घातलाय. मला वाटलं, शरयू म्हणजे कुणी आत्याबित्या.” ती हसली. “आधी म्हणे पुरुष, मग सासू, मग उरलं तर सून. एक दिवस आई ताट घेऊन पहिल्या पंगतीत बसल्या. बाबा ताटावरून उठले, ते बाहेरच जेवायला लागले. आजपर्यंत.”

मी वाट्या पुसत होते. पुसून झालेल्या परत पुसल्या.

निघताना तिची ओवी, माझी नात, बसपर्यंत सोडायला आली. नववीत आहे. पाच डिसेंबरला शाळेत वक्तृत्व स्पर्धा, विषय ‘मालिकांतील माझी आवडती व्यक्तिरेखा, कालची किंवा आजची’. “मी आजीची शरयू घेणार, मावशीआजी. ती ताट घेऊन बसते तो सीन शोधून मॅडमना दाखवायचाय. मालिका ॲपवर सगळी आहे, चारशे बारा भाग. मी रोज बघून तुला साडेआठला फोन करत जाईन.”

मी म्हटलं, अभ्यास कर.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

लिहून टाकते. ही वही कुणी वाचत नाही.

२००६ ते २००८. सिल्लोडला रोज संध्याकाळी सात ते दहा वीज नसायची. ‘काचेची वेल’ आठला. मी टेलिफोन खात्यात, फोन फुकट. साडेआठला मी अनसूयेला फोन लावायचे आणि झालेला भाग सांगायचे. तिच्या दिवसातला तेवढा अर्धा तास तिचा असायचा. सासूबाईंना अंधारात तिचं काम दिसत नसे.

नवव्या की दहाव्या भागात शरयूची सासू तिची पुस्तकं विहिरीत टाकते. शरयू हात जोडून उभी राहते, डोळ्यांत पाणी, आणि म्हणते, तुमचा राग शांत झाला ना आई. मला ते वाक्य फोनवर उच्चारवेना. मी सांगितलं, शरयू म्हणाली, “पुस्तकं टाकलीत ते ठीक, पण पाणी तुम्हालाही त्याच विहिरीचं प्यायचंय.”

पलीकडून हसू आलं. अनसूया अशी हसलेली मी तिच्या लग्नानंतर ऐकली नव्हती.

मग मी थांबले नाही. दीड वर्ष. टीव्हीवर शरयू माफ करत होती, माझी शरयू उत्तरं देत होती. टीव्हीवरची घर सोडून जाणाऱ्या नवऱ्याची बॅग भरून द्यायची. माझी त्याच बॅगेत त्याच्या आईचा फोटो वरती ठेवायची. अनसूयेने दहापैकी दहा दिले ते हिला. ही कुठल्याही वाहिनीवर कधी आली नाही.

कसं झालं की वडिलांची बदली सिल्लोडला झाली तेव्हा मी सातवीत होते. मला आत्याकडे ठेवलं, कॉन्व्हेंट मोडू नये म्हणून. अनसूया लहान, ती बरोबर गेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत. मग तिथेच दिली. माझ्या जिभेला लगाम नव्हता आणि तिच्या जिभेला वापर नव्हता. मला वाटलं, अर्धा तास उसनी द्यावी.

ताटाचा भाग मी सांगितला होता. पक्कं आठवतं. टीव्हीवर शरयू सगळ्यांना वाढून, मागून मिठाशी भाकरी खाते आणि हसते. मी सांगितलं, तिने ताट वाढून घेतलं, पहिल्या पंगतीत गेली आणि म्हणाली, जागा करा.

अनसूया म्हणाली, “मग?”

“मग काय. जेवली.”

“पोटभर?”

“पोटभर.”

तिचा संसार मी मोडला. वाक्य लिहून बघितलं. काही वाटलं नाही. परत एकदा लिहिणार होते, पण कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या असत्या.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ओवी खरंच रोज फोन करते. साडेआठच्या ठोक्याला. पहिल्या दिवशी रिंग वाजली तेव्हा मी खुर्चीतून इतकी झटकन उठले की गुडघ्याने आठवण करून दिली.

आजचा वृत्तांत: “मावशीआजी, साठ भाग झाले. दुप्पट वेगानं बघते. ही शरयू लई रडते गं. आजी म्हणायची तशी नाहीच.”

“नंतर सुधारते कदाचित.”

“तू तर पूर्ण बघितलीस ना? साधारण कितव्या भागात आहे सांग की.”

“वय झालं. आठवत नाही.”

हे मी बोलले. खात्यात चार हजार नंबर तोंडपाठ असलेली बाई.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

ओवीला म्हटलं, विषय बदल. ‘टपाल’मधला पोस्टमन घे, सज्जन माणूस, परीक्षक वयस्कर असतील, त्यांना आवडेल. नाहीतर ती नवीन मालिकेतली रिक्षा चालवणारी बाई घे, तिला मी वर्तणुकीला आठ दिलेत. ओवी म्हणाली, “पोस्टमन आजीनं नाही सांगितला मला.”

मग म्हणाली, “एक गंमत सांगू? प्रत्येक भागाच्या शेवटी खाली पट्टी येते. पुनःप्रक्षेपण दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता. म्हणजे तेव्हा एकच भाग दोनदा दाखवायचे?”

म्हटलं, दाखवत असतील. दुपारी दोनला मी ड्युटीवर असायचे, मला काय ठाऊक.

दोनशे दहा भाग झाले तिचे. ताट नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

काही लिहिण्यासारखं नाही. ओजस्वी जिना चढून वर पोचली. दार बंद होतं.

२ डिसेंबर, मंगळवार

आज दीपमालाबाईंना विचारलं, आपण एखाद्याला खोटं सांगितलं, त्याने त्यावर विसंबून काही केलं आणि त्यात त्याचं नुकसान झालं, तर पाप कुणाचं. त्या म्हणाल्या, ऑनलाइन फसवणूक झाली का हो तुमची? बँकेत कळवा लगेच. त्यांना चहा दिला.

तीनशे नव्वद भाग झाले. उरले बावीस. ओवीने भाषण लिहिलं आहे, मला वाचून दाखवलं. शरयू ताट घेऊन बसते तो परिच्छेद चांगला उतरलाय. “जागा करा” हे शब्द तसेच्या तसे आहेत. माझे आहेत. अठरा वर्षांपूर्वी बोलले ते एका पोरीच्या तोंडून परत आले आणि मी फोनमध्ये म्हटलं, स्वल्पविराम नीट घे.

शुक्रवारी ती दोनशे मुलांसमोर हे बोलणार. कुणीतरी उठून म्हणेल, असा प्रसंग मालिकेत नाही. मग ती मृत आजीला खोटं पाडेल, नाहीतर स्वतः खोटी पडेल.

४ डिसेंबर, गुरुवार

सांगितलं.

साडेआठला फोन आला. ओवीचा आवाज बसलेला. “संपली मालिका. चारशे बारा. नाहीये तो सीन. आजी खोटं बोलली का गं?”

मी म्हटलं, “तुझी आजी आयुष्यात खोटं बोलली नाही. मी बोलले.” मग सगळं सांगितलं: वीज, विहीर, बॅग, ताट. मी खात्यात जसं तक्रारीचं टिपण वाचायचे, तशा आवाजात. शेवटी म्हटलं, “तुझे आजोबा ओसरीवर जेवतात तेही माझ्यामुळेच. त्यांना सांग, मुक्ता म्हणते चूक तिची.”

फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. नुसत्या चपला घासत कुणीतरी आलं.

“ताई, वैजनाथ बोलतोय.”

या माणसाने मला चाळीस वर्षांत फोन केलेला नाही. मी उभी राहिले. का ते माहीत नाही.

म्हणाले, “ओवीनं स्पीकरवर लावला होता. ऐकलं मी. ताई, ती मालिका दुपारी दोनला परत लागायची. दुपारी लाइट असायची इकडं. मी तहसीलमधून जेवायला घरी यायचो, तवा अनसूया बघत बसलेली असायची. पहिल्या दिवसापासून.”

मी म्हटलं, “पहिल्या दिवसापासून?”

“व्हय. रात्री तुमच्याकडून ऐकायची, दुसऱ्या दिवशी दुपारी बघायची. एकदाही चुकवली नाही. मी म्हणायचो, ऐकलंयस ना रात्री, परत काय बघती. तर म्हणायची, ताईनं कुठं कुठं बदललंय ते बघते.”

मागे ओवी नाक ओढत होती.

“ताटाचा भाग मी पण बघितला तिच्या शेजारी बसून. त्यात ती बाई मिठाशी भाकरी खाती. आणि त्याच रात्री अनसूया ताट घेऊन येऊन बसली. सगळ्यांसमोर म्हणाली, शरयू बसली, मग मी का नाही. मी म्हणालो, दुपारी मी बघितलंय, ती कुठं बसली. तर म्हणाली, ती टीव्हीवाल्यांची शरयू. मी ताईच्या शरयूचं बोलते.” ते खाकरले. “आईसमोर मला खोटं पाडलं असं वाटलं. उठलो.”

“आणि अठरा वर्षं उठलेलेच राहिलात,” मी म्हटलं. जिभेला लगाम नाही तो नाही.

“तसं नाही, ताई. एकदा उठलो. मग परत बसायचं कसं ते काही कळलं नाही. आई गेली, आमच्या विश्वजितचं लग्न झालं, सून आली. रोज वाटायचं, ही बोलवील. तिला वाटत असंल, हे येतील. ओसरीला दार आहे ना, ते उघडंच ठेवायची. मला आतलं सगळं ऐकू यायचं. कोण काय वाढतंय, कोण हसतंय.”

मी म्हटलं, “बातम्या बघत असाल.”

“आवाज बंद करून बघायचो.”

एवढं झालं. फोन ठेवल्यावर मी किती वेळ उभी होते माहीत नाही. मग विचार केला, ती दीड वर्ष फोनवर “मग?” म्हणत होती, ते कशासाठी. पुढे काय होतं ते तिला दुसऱ्या दिवशी दुपारी दिसणारच होतं. मी काय करते आहे, तेवढंच तिला ऐकायचं होतं. आणि मी समजत होते, मी तिला फसवते आहे. शिकलेली ना मी.

५ डिसेंबर, शुक्रवार

ओवीला उत्तेजनार्थ. पहिला नंबर एका पोलीस इन्स्पेक्टरवर बोलणाऱ्या मुलाचा. त्या इन्स्पेक्टरला मी टापटिपीला दोन दिलेत.

ओवीने भाषण बदललं नाही. ते संपल्यावर परीक्षक बाई म्हणाल्या, ही मालिका मी पूर्ण बघितली आहे, त्यात असा प्रसंग नाही. ओवी म्हणाली, “सिल्लोडला दाखवला होता, मॅडम.” मुलं हसली. नंबर त्यातच गेला असणार.

हे तिने साडेआठला सांगितलं. मागे भांड्यांचा आवाज. म्हटलं, एवढ्या उशिरा जेवताय? म्हणाली, “आजोबांची खुर्ची आत आणत होते. दारात अडकली होती. बाबांनी आडवी करून काढली. आता बसलेत ते. थांब, तुझ्याशी बोलायचंय त्यांना.”

मी ओट्यापाशी होते, हातात ताट. म्हटलं, दे.

“ताई, जेवलाव का?”

“जेवतेय.”

“बसून?”

त्यांना कसं कळलं मला माहीत नाही. अनसूयेशिवाय ते कुणालाही माहीत नव्हतं, आणि तिलाही मी कधी सांगितलेलं नव्हतं. मी टेबलावरची वर्तमानपत्रं खुर्चीवर ठेवली, मग दुसरी खुर्ची ओढली. ताट ठेवलं. बसले. भात समोर होता आणि तो मला नीट दिसेना. चष्मा काढून पुसला, तरी दिसेना.

“बसले,” म्हटलं.

“मग एक सांगा. आमच्याकडची सातची लाइट परत यायला लागली आणि तुमचं सांगणं बंद झालं. मालिकेत काय झालं ते बघितलं आम्ही, ते नको. तुमच्या शरयूचं शेवटी काय झालं?”

पलीकडे कुणीतरी टीव्ही बंद केला. योगिनी म्हणाली, ओवी, चमचा वाजवू नको.

मी म्हटलं, “शेवटी नाही. अजून चालू आहे. ऐका.”